इनास तांडेलांच्या खुणा

आळस कुठे राहतो, असं आमच्या गावातल्या कुठल्याही ख्रिस्ती मुलाला विचारा. ते तुम्हाला थेट पेद्रूच्या पडवीत नेऊन उभं करेल. मत्सर विहिरीपाशी राहतो, लोभ चर्चच्या मागच्या आळीत. आणि सदसद्विवेकबुद्धी म्हणजे पेद्रूचा कुत्रा. तो मासा चोरतो आणि मग दिवसभर मान खाली घालून फिरतो.

हा सगळा उद्योग इनास तांडेलांचा. चाळीस वर्षं होडी चालवली, मग गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हापासून रविवारी चर्चमधली मिसा, म्हणजे प्रार्थना, झाली की ओटीवर मुलांना धर्मशिक्षण देतात. मी इथल्या शाळेत शिक्षिका, मूळची माणगावकडची, आणि त्यांच्याच घराची शेजारची खोली भाड्याने घेऊन राहते. त्यांच्या धर्मशिक्षणात मला पडायचं काही कारण नव्हतं. पण घरात त्यांची पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेली वेगळीच बोली, आणि फादरांनी दिलेलं पुस्तक जड मराठीत. त्यामुळे एका रविवारी माझी खिडकी वाजली.

"बाई, ह्यो शब्द जरा फोडून द्या."

शब्द होता सदसद्विवेकबुद्धी. मी दहा मिनिटं समजावलं, उदाहरणं दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "होडीत न्हाय मावाचा." पुढच्या रविवारी तिथे कुत्रा आला.

ही त्यांची पद्धत समुद्रावरची. जाळं टाकायची चांगली जागा पाण्यावर लिहून ठेवता येत नाही. चर्चचा क्रूस आणि किल्ल्याचा बुरूज या दोन खुणा एका रेषेत आल्या की समजायचं, हीच ती जागा. तांडेलांचं म्हणणं, शब्दांचंही तसंच. व्याख्या पाठ केली की वाहून जाते. किनाऱ्यावर माणूस उभा दिसला पाहिजे, म्हणजे शब्द सापडतो.

मला ही युक्ती फार आवडली होती. मग एक दिवस शुद्धलेखन तपासायला मी त्यांची शब्द आणि खुणा लिहायची वही मागून घेतली आणि 'गर्व' या शब्दापुढे 'बाई' असं लिहिलेलं वाचलं. मी जाब विचारला. ते जराही ओशाळले नाहीत. "तुमी सगल्यांच्या बोलन्यातल्या चुका काढता ना," ते म्हणाले, "पोरांना लगेच समजला."

त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. वहीत एकाच शब्दापुढची जागा कोरी होती. शब्द होता क्षमा. त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "त्यो मी घेत न्हाय," आणि वही काढून घेतली.

पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मुलांना चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद देतात त्या विधीच्या, आधी फादर आईबापांसमोर मुलांची परीक्षा घेतात. यंदा पहिला प्रश्न तांडेलांच्या वर्गातल्या जिनीला आला. लोभ म्हणजे काय? जिनी उभी राहिली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कामिलामावशी."

कामिलामावशी तिसऱ्या बाकावर बसली होती. लग्नाच्या जेवणावळीतून ती तीन डबे भरून नेते, हे गावाला ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि चर्चमध्ये ऐकणं वेगळं. फादरांना वाटलं, पोर घाबरली. त्यांनी दुसऱ्या मुलाला आळस विचारला. पेद्रूला मात्र स्वतःचं नाव ऐकून काही वाटलं नाही, कारण तो बाकावरच झोपला होता. फादर गर्वाकडे वळताहेत असं दिसताच मी उठून बाहेर समुद्र बघायला गेले. माझ्यामागोमाग कामिलामावशीही बाहेर आली आणि कुणाकडे न बघता घरी निघून गेली.

फादरांनी तांडेलांना बोलावून सांगितलं: येत्या रविवारच्या आत कामिलाची माफी मागा, नाहीतर वर्ग बंद. तांडेलांचं काय राहिलं होतं दुसरं? होडी विकलेली, मूलबाळ नाही, बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. आठवड्यातला तो एक तास होता.

गुरुवारी ते माझ्या दारात आले. "बाई, माफी मागतात ती कशी?"

मी हसले. मग त्यांचा चेहरा बघून थांबले. या माणसाने आयुष्यभर निम्म्या गावाला दुखवलं असेल, पण माफी अशी कधी मागितलीच नव्हती. ते काम त्यांची बायको करायची. तांडेल कुणाला वेडंवाकडं बोलले की दुसऱ्या दिवशी नतालबाई तळलेल्या माशांचं ताट झाकून त्या घरी जायची. "यांनी पाठवलंय," एवढंच म्हणायची आणि परत यायची. यांना पत्ताच नाही. ती गेली तेव्हा मातीला आलेल्या तिघाचौघांनी सांगितलं, तेव्हा कळलं.

"क्षमेची खून तीच व्हती, बाई," ते म्हणाले. "माजा सगला ती पोटात घालाची, म्हनून पोरांना मी चुलीकडं बोट दाखवाचो. आता तिथं कोन हाय? खून पडली का जागा गावत न्हाय."

मला रडू आलं. ते लपवायला मी कागद घेतला आणि त्यांना माफीची चार वाक्यं लिहून दिली. शुद्ध, घोटीव मराठीत. त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

शनिवारी सकाळी त्यांच्या घरातून करपल्याचा वास आला. ताजे बोंबील तळणं म्हणजे चेष्टा नाही, भल्याभल्या सुगरणींचे तव्याला चिकटतात. तांडेलांच्या ताटात निम्मा लगदा होता आणि निम्मा कोळसा. वर रुमाल झाकून ते निघाले. कागद वाचायला लागला तर जवळ असावं म्हणून मीही मागोमाग गेले.

कामिलामावशी दारात हाताची घडी घालून उभी राहिली. तांडेलांनी खिसा चाचपला, पण कागद काढला नाही. ताट पुढे केलं.

"नतालनं पाठवलंय," ते म्हणाले.

मावशीने रुमाल उचलून बघितलं. मग ताट दोन्ही हातांनी घेतलं.

"तिला सांगा," ती म्हणाली, "पोचलं."

दुसऱ्या दिवशी ओटीवर वर्ग भरला. तांडेलांनी तीन वर्षांनी क्षमा हा शब्द घेतला आणि खूण म्हणून कामिलामावशीचं नाव सांगितलं. जिनीने लगेच हात वर केला. ती तर लोभाची होती ना?

"खून तीच असते," तांडेल म्हणाले. "होडी जरा फिरवून बघाची."

मुलांनी वहीत लिहून घेतलं. गर्वापुढे माझं नाव अजून तसंच आहे. मीही ते खोडायला सांगितलेलं नाही.