थप्पड मुंबईत, गाल राहूचा

मांडवगण फराट्यात भांडण पेटलं आणि भैरू आप्पा कोकरे तिथं पोचले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. आप्पा गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. बांधाचं भांडण असो, भावकीचं असो, की कुणाच्या म्हशीनं कुणाची वैरण खाल्ल्याचं असो, आप्पा मधोमध उभे राहायचे आणि दोन्ही हात हवेत फिरवत बोलत सुटायचे. शेवटी दोन्ही बाजू कंटाळून समेट करायच्या. "माझ्या कारकिर्दीत एक बी तंटा पोलीस ठाण्याची पायरी चढला न्हाई," असं ते भेटेल त्याला ऐकवत. नव्या व्याह्यालाही त्यांनी हेच ऐकवलं होतं, तेही सुपारी फुटायच्या आधी.

हे व्याही म्हणजे राहू गावचे हौसराव शेंडगे. आप्पांची लेक प्रगती सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीला होती आणि हौसरावांचा मुलगा शंभू तिथंच स्टोअरला. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, पण स्थळ आपणच शोधलं असं दोन्ही बापांना वाटू देण्याइतकी ती पोरं हुशार होती. पत्रिका वाटून झाल्या, बस्ता झाला, लग्न पुढच्या आठवड्यावर आलं. आणि त्याच रविवारी टीव्हीवर मुंबईचा तो पुरस्कार सोहळा लागला.

सोहळ्याचं सूत्रसंचालन करत होता विनोदी नट रोहन. त्याचं आजोळ राहू, त्यामुळं अख्खं राहू त्याला भाचा म्हणायचं. नायकाचं बक्षीस घ्यायला स्टेजवर आला मालिकेतला पृथ्वीराज. तो मांडवगणचा. म्हणजे तसा तो कुठल्या कुठला, पण एकदा शूटिंगसाठी गावात आला होता, आप्पांच्या उसातून पळाला होता आणि आप्पांच्या बायकोच्या, म्हाळसाबाईंच्या हातचं पिठलं खाऊन "मावशी, असं पिठलं आयुष्यात खाल्लं नाही" म्हणून गेला होता. तेवढ्यावर गावानं त्याला दत्तक घेऊन टाकलं. तर रोहन म्हणाला की, पृथ्वीराजपेक्षा त्याच्या मालिकेतला बैल बरा अभिनय करतो. सगळे हसले. पृथ्वीराजनं बक्षीस खाली ठेवलं, पुढं झाला आणि रोहनच्या कानाखाली एक सणसणीत वाजवली.

आप्पा त्या वेळी टीव्हीसमोर खुर्चीत घोरत होते. आवाजानं दचकून उठले आणि "थांबा, मी आलो" म्हणत चपला शोधू लागले.

सकाळपर्यंत गावात दुसरा विषय उरला नाही. ज्यांना घरच्या भांडणात कधी तोंड उघडायला मिळत नव्हतं, ते पारावर बसून कायदा सांगत होते. वेशीवर तर पोरांनी दहा फुटी फ्लेक्स लावला होता: 'पृथ्वीराजदादांना जाहीर पाठिंबा! राहूच्या भाच्याचा जाहीर निषेध!' खाली शुभेच्छुकांचे फोटो, आणि त्यात सगळ्यात मोठा फोटो गॉगल घातलेल्या, फोन कानाला लावलेल्या आप्पांचा.

आता यात आप्पांचा दोष एवढाच की हा फोटो दौंडला संपतच्या फ्लेक्सच्या दुकानात कायमचा मुक्कामाला होता. वाढदिवस असो, दहावा असो, कुणी दहावी पास झालेला असो, मांडवगणचा फ्लेक्स म्हटला की संपत न विचारता तो फोटो टाकायचा, आणि आजवर आप्पांनी त्याबद्दल त्याला चहाच पाजला होता.

दुपारी हौसरावांचा फोन आला. आवाज असा गोड की आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. "व्याही, फोटो झकास आलाय तुमचा. माझ्या गावाचा निषेध करताना सुदिक हसताय."

आप्पांनी शपथा घेतल्या आणि तडक संपतला फोन लावून झापलं. संपत बिचारा घाबरला. तेवढ्यात राहूची पोरं उलटा फ्लेक्स छापायला त्याच्याकडं आली, 'भाच्यावर हात टाकणाऱ्या गुंडाचा जाहीर निषेध!' म्हणून. संपतनं विचार केला, आप्पा एका बाजूला फोटो आला म्हणून रागावलेत, तर दुसऱ्या बाजूलाही टाकून त्यांचा तोल सांभाळावा. संध्याकाळी राहूच्या चौकातही आप्पा गॉगल घालून हसत होते.

मग काय विचारता. मांडवगणच्या पोरांनी त्यांना फितूर ठरवलं आणि लग्नात राहूच्या पंगतीला वाढायला आम्ही येणार नाही असं सांगून टाकलं. गावात पंगत वाढतात ती गावचीच पोरं. ती हटली तर वऱ्हाड उपाशी जाणार, आणि उपाशी गेलेलं वऱ्हाड तीन पिढ्या बोलून दाखवतं. तिकडं राहूच्या पोरांनी वऱ्हाडाच्या गाडीतच बसायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी हौसराव घरी आले. पाणीसुद्धा न घेता ओट्यावर बसले. त्यांनाही लग्न मोडायचं नव्हतं, पण भावकी हटून बसली होती. आप्पांनी व्याहीभेटीच्या वेळी माईकवर, दोन्ही गावांसमोर, हात उचलणं चूक होतं असं सांगावं, एवढीच त्यांची अट होती. "न्हाईतर वऱ्हाड मारुतीपासूनच माघारी फिरंल," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनाच वाईट वाटलं.

त्या दिवशी प्रगती जेवली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं मिटवणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरीसमोर मान वर करता येईना. शेवटी तीच जवळ येऊन बसली. "आप्पा, तुम्ही बोलायला हुशार हाय. पण या वेळंला थोडंच बोला," ती म्हणाली. आप्पांनी मान डोलावली. गावच्या पोरांचे पाय धरून त्यांनी त्यांना वाढायलाही राजी केलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड वेशीवरच्या मारुतीपुढं येऊन थांबलं. राहूची सगळी पोरं आली होती. पंगतीसाठी नव्हे, पुढं काय होतंय ते बघायला. दोन्हीकडचे मोबाइल वर झाले. व्याहीभेट म्हणजे एकमेकांच्या गालाला गुलाल लावायचा आणि गळाभेट घ्यायची, एवढा साधा कार्यक्रम. आप्पांनी उजव्या मुठीत गुलाल घेतला, डाव्या हातात माईक, डोळ्यांवर फ्लेक्सवरचाच गॉगल. समोर कोरा फेटा बांधून हौसराव.

"मंडळी," आप्पा म्हणाले, "कलाकार दोघं बी आपलेच."

इथं थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण समोर एवढी गर्दी, हातात माईक, आणि गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली. आप्पांना जोर चढला. नेहमीप्रमाणं हात हवेत फिरायला लागले. "इनोद केला म्हून काय झालं? भर सभेत एखाद्याच्या अंगावर जाऊन आसा हात…"

'आसा' म्हणताना हात कसा ते त्यांनी करून दाखवलं.

फाडकन आवाज झाला. माईक जवळच असल्यानं तो पार शिवारातल्या ऊसतोडीच्या टोळीपर्यंत ऐकू गेला. गुलालाचा लाल ढग उठला आणि ढग विरल्यावर हौसरावांच्या गालावर पाची बोटं स्वच्छ उमटलेली दिसली. फेटा एका कानावर आला होता.

बँडवाल्याची पिपाणी अर्ध्यात थांबली. राहूची पोरं बाह्या वर सारत पुढं झाली, मांडवगणची त्यांच्यासमोर. आणि मधोमध उभे तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, ज्यांना जन्मात पहिल्यांदा एक शब्द सुचेना.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून हळदीच्या अंगानं, मुंडावळ्या सावरत प्रगती आली. नवरीनं व्याहीभेटीला यायची रीत नाही, पण तिला थांबवणार कोण? तिनं ताटातला मूठभर गुलाल उचलून हौसरावांच्या हातात दिला.

"मामा, फिट्टंफाट करा," ती म्हणाली. "पण बिगी बिगी. मुहूर्त टळतोय."

हौसरावांनी गुलालाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि आप्पांच्या गालावर असा काही ठेवून दिला की आप्पांचा गॉगल मारुतीच्या पायाशी जाऊन पडला. मग दोघं एकमेकांकडं बघतच राहिले. आधी हौसराव हसायला लागले, मग आप्पा, मग बँडवाल्याला राहवेना. पोरांना कळेना की बाह्या आता खाली करायच्या कशा. शेवटी त्यांनी उरलेल्या गुलालाची मूठ एकमेकांच्या तोंडावर फेकली आणि नाचायला सुरुवात केली.

लग्न लागलं. पंगतीत मांडवगणच्या पोरांनी राहूच्या पोरांना जिलेबी अशी आग्रह करकरून वाढली की दोघांना उचलून गाडीत घालावं लागलं. पानावर शेजारी बसल्यावर आप्पांनी हळूच विचारलं, "व्याही, खरं सांगा, त्या दिवशी चूक कुणाची वाटली तुमाला?"

हौसराव भाताचा घास तसाच धरून म्हणाले, "खरं सांगू का? आमच्याकडं तवा लाईटच नव्हती. मी काय बघितलंच न्हाई."

आप्पांनी वरणाची वाटी जवळ ओढली. आपण काय बघितलं ते त्यांनीही सांगितलं नाही.

पाठवणीला मात्र आप्पांचा बांध फुटला. प्रगतीच्या डोक्यावर हात ठेवून ते लहान पोरासारखे रडले, म्हाळसाबाई रडल्या, शंभूसुद्धा रडला. हौसराव सुजलेला गाल सांभाळत जवळ आले आणि व्याह्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लेकीची काळजी करू नका. कवा बी या, घर तुमचंच हाय. फकस्त आल्यावर बोलताना हात खिशात ठेवा."

आप्पांनी निमूटपणे दोन्ही हात खिशात घातले. पाठवणीच्या उधळणीचा गुलाल हातांना तसाच होता आणि पँट कोरी पांढरी होती, हे म्हाळसाबाईंच्या लगेच ध्यानात आलं. त्या पुढं जे बोलल्या, ते मिटवायला गावात दुसरी समिती नाही.