पाचशे डॉलर, पुढून आणि मागून

नोटा लॅमिनेट करून घ्यायच्या, हे मी दुपारी सव्वाबाराला ठरवलं आणि पाऊण वाजायच्या आत करूनही टाकलं. लग्न झाल्यापासूनच्या तीन महिन्यांत मी इतक्या झटपट घेतलेला हा एकमेव निर्णय. (लग्नाला होकार द्यायलासुद्धा मला आठ दिवस लागले होते.)

माझी बाजू आधी ऐकून घ्या. आमच्या मोखाड्याच्या घरात लॅमिनेट केल्याशिवाय कागदाला कागदाचा मान मिळत नाही. रेशनकार्ड, जातीचा दाखला, यांचं दहावीचं मार्कशीट, एकदा चुकून शून्य रुपयांचं आलेलं लाइटबिल, सगळं प्लास्टिकमध्ये. आमचं विवाह प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता पक्कं झालं." तोवर पंधरा दिवस मी बहुधा कच्चीच नांदत होते.

यांचं, म्हणजे मंगेशचं, सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. गेल्या वर्षी तालुक्यात घरकुलं धडाधड मंजूर झाली आणि सिमेंट कंपनीचं टार्गेट यांनी दिवाळीच्या आतच ओलांडलं. बक्षीस काय, तर जोडीनं व्हिएतनाम, पाच दिवस. विमान, हॉटेल, जेवण कंपनीचं, वरखर्च आपापला. त्या वरखर्चाला पाचशे डॉलर न्यायचं ठरलं आणि माझा शांत नवरा बिघडला.

एरवी पत्र्याचा अख्खा ट्रक उलटला तरी हे आधी चहा पिऊन घेतील. पण भाव म्हटला की यांच्या अंगात येतं. जव्हारच्या बँकेत विचारून झालं, ठाण्याच्या मावसभावाला विचारून झालं, नाशिकच्या तीन दुकानांना तर रोज सकाळी फोन. "आज काय भाव?" असं विचारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, कांदा घेतायत. शेवटी नाशिकच्या एका दुकानदारानं कंटाळून डॉलरमागे वीस पैसे सोडले. हे मोटरसायकलवर सत्तर किलोमीटर गेले, सत्तर आले. वाचले शंभर रुपये. पेट्रोल साडेतीनशेचं, मिसळ वेगळी. मी घरात नवीन, म्हणून हिशेब मनातच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, "शंभराच्या पाच आहेत. सांभाळ. घडी नको, डाग नको, ओल नको." आणि पत्रे घेऊन सूर्यमाळला गेले. का नको, ते सांगायचं राहिलं.

मी पाकीट घेऊन घरभर फिरले. कपाटात दमट वास, डब्यात नागली, गादीखाली घडी. शिवाय मागच्या गोडाऊनमधल्या उंदरांना भिंत मान्य नाही. घडी, डाग, ओल, उंदीर. चार संकटं आणि एकच इलाज. (इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या मुलीला हे सुचायला अर्धा दिवस लागला, याचीच तेव्हा लाज वाटली होती.)

तहसील कचेरीसमोर कमलेशचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यानं नोट उलटी केली, सुलटी केली.

"वहिनी, हे चालतं का करायला?"

"आधारकार्ड चालतं ना?"

"चालतं की."

"मग?"

त्यानं मशीन तापायला लावलं. शेवटी मी गिऱ्हाईक होते. रांगेतले पुंजाबाबा दाखला हातात धरून वाकून बघत होते.

"हा टकला म्हातारा कोन गं?"

"अमेरिकेचा आहे बाबा."

"मंग त्याला चांगला जाड प्लास्टिक लाव. लांबून आलाय."

जाड लावलं. नोटेला वीस रुपये. घरी आल्यावर सासूबाईंनी पाचही नोटा खिडकीत धरून पाहिल्या, नखानं टकटक वाजवल्या आणि म्हणाल्या, "हुशार हाय हो पोर." तीन महिन्यांतलं पहिलं कौतुक. त्या संध्याकाळी माझी भाकरीसुद्धा गोल झाली.

जेवताना हे खुशीत होते. "तिकडं नोट कशी बघतात माहितीये? अंगठ्यानं चोळतात, उजेडात धरतात. पेनाचा एवढासा ठिपका असला तरी भाव पाडतात, नाहीतर घेतच नाहीत. कागद कसा हाताला लागला पाहिजे!"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. सासूबाई मात्र अभिमानानं म्हणाल्या, "आता कुठला ठिपका पडतो? योगितानं लॅमिनेशन केलंय."

हे चावायचे थांबले. "कशाला?"

"नोटांना," मी म्हणाले.

"किती?"

"पाच."

"पाचही?"

"पाचही."

"पुढून?"

"पुढून आणि मागून."

यांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतला, आणि ओसरीत जाऊन बराच वेळ मोटरसायकल पुसली. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

विमान चार दिवसांवर होतं. घरातले चव्वेचाळीस हजार प्लास्टिकमध्ये होते आणि "हुशार पोर" हे पद जेमतेम सहा तास टिकलं होतं. सकाळी आम्ही दोघं नाशिकला. तोच दुकानदार. त्यानं नोट काउंटरवर आपटून पाहिली.

"ही नोट आहे की आयकार्ड?"

"पण खरी आहे ना?" यांनी विचारलं. "तुम्हीच दिलीत."

"खरी आहे हो. पण आत आहे."

परत येताना त्र्यंबकच्या पुढे यांनी गाडी थांबवली. "चहा घेणार?" मी नको म्हणाले. चहा घेण्याएवढी लायकी वाटत नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चुलीवर भाताचं पातेलं चढवलं. "एवढंच ना? रेशनकार्डात तुझं नाव घालायचं होतं तेव्हा काय केलं मी? पहिल्यांदा कार्ड उघडलं, मंग नाव घातलं, मंग परत बंद केलं." कडा कात्रीनं कापून त्यांनी पहिली नोट चिमट्यात धरली आणि भाताच्या वाफेवर धरली. प्लास्टिक मऊ पडलं. अंगठ्याच्या नखानं त्या असं हळूहळू सोलत गेल्या, जसं काही वालाचे दाणे सोलतायत. मी चुलीचा जाळ सांभाळत होते आणि हे निघालेल्या नोटा मोजत होते. एक निघाली. दोन निघाल्या. चौथ्या नोटेला माझ्या हातात चिमटा दिला आणि तिचा कोपरा गेला. (दुसऱ्या कुणाच्या हातून गेला असता तर ही गोष्ट मी वेगळी सांगितली असती.)

पाचही नोटा बाहेर आल्या. किंचित चमकत होत्या, किंचित वळल्या होत्या आणि त्यांना नव्या तांदळाचा वास येत होता. त्या रात्रीचा भात गिचका झाला, पण सगळ्यांनी मागून घेतला.

हनोईत हॉटेलजवळच पैसे बदलायचं दुकान होतं. बाहेर पाटी, डॉलरला सव्वीस हजार शंभर डोंग. यांनी आदल्या संध्याकाळी चार दुकानांचे भाव उतरवून घेतले होते. हा सगळ्यांत चांगला. आत साठीची एक बाई, समोर मोठा कॅल्क्युलेटर. मागच्या खुर्चीत तिचा नवरा पेपर वाचत होता.

बाईनं पहिली नोट चोळली, उजेडात धरली आणि मग हुंगली. पुन्हा हुंगली. कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून आमच्याकडे फिरवला, बावीस हजार.

यांनी दुकानात गिऱ्हाइकाला हसतात तसं हसून सव्वीस हजार दाबले. बाईनं बावीस हजार पाचशे. यांनी सव्वीस. बाईनं कोपरा गेलेली नोट उचलून यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि इंग्रजीत विचारलं, "हू?"

यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. म्हणजे, मी केलं.

तीन महिन्यांत कुणी माझ्यासाठी इतकं मोठं खोटं बोललं नव्हतं. मला गहिवरून आलं आणि गहिवरात माणूस खरं बोलतो. मी यांचं बोट खाली केलं, स्वतःकडे दाखवलं आणि म्हणाले, "मी. लॅमिनेशन." मग तो शब्द पुरेना म्हणून दोन तळव्यांमध्ये हवेतली नोट दाबून दाखवली, वाफ दाखवली, सोलणं दाखवलं, आणि कोपरा गेला तेव्हाचं तोंडसुद्धा करून दाखवलं. बी. ए.चं इंग्रजी कुठे गेलं होतं, देवाला ठाऊक.

बाई माझ्याकडे बघत राहिली. मग वळून तिनं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की त्यानं पेपर वर घेतला. त्या घरातही कधीतरी काहीतरी झालं असणार. तिनं माझ्या हातावर थोपटलं, कॅल्क्युलेटर ओढला आणि आकडा टाकला, सव्वीस हजार एकशे पन्नास. पाचही नोटांना. पाटीपेक्षा पन्नास जास्त!

एक कोटी तीस लाख पंच्याहत्तर हजार डोंग पिशवीत घेऊन हे बाहेर आले ते तरंगत. सहलीला आलेल्या दुसऱ्या कुठल्याच सिमेंट डीलरला सव्वीस हजाराच्या वर मिळालं नव्हतं. रात्री जेवताना यांनी सगळ्यांना भाव सांगितला, दुकान सांगितलं, आणि (हे मला नंतर कळलं) तो कसा मिळाला तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या दारावर टकटक झाली. त्र्यंबकचे सिमेंटवाले गोरखभाऊ, मागे आणखी दोन डीलर, तिघांच्या हातात पाकिटं.

"वहिनी, अर्धा तास येता का? त्या बाईसमोर नुसतं उभं राहायचं. बोलायचं काही नाही."

मी यांच्याकडे पाहिलं. हे बुटाची नाडी बांधत होते, शांतपणे. मी म्हणाले, "येते. पाच मिनिटं थांबा, जरा आवरून घेते."

गोरखभाऊंचा चेहरा पडला. "आवरू नका वहिनी! मंगेश म्हणाला, कालचा चेहरा होता ना, तोच पाहिजे."

मी पर्स उचलली आणि निघाले. मला दुसरा कुठे होता?