सुभेदारांची गिनती

रोज संध्याकाळी दिवे लागले की सुभेदार जाधव आमच्या कॉलनीची गिनती घेतात. पलटणीत हजेरीला गिनती म्हणतात, आणि निवृत्त होऊनही त्यांची पलटण सुटलेली नाही. हातात वेताची काठी, पायात चकचकीत बूट आणि वर चक्क लुंगी. प्रत्येक फाटकासमोर थांबून ते आडनाव पुकारतात. आतून कुणीतरी "हाय!" म्हणायचं. "हो", "आलो" चालत नाही. देशपांडे वहिनी सुरुवातीला शुद्ध "आहोत" म्हणायच्या. "हाय" येईपर्यंत सुभेदारांनी फाटक सोडलं नाही.

बंद घरांनाही सुटका नाही. साताऱ्याच्या कडेची ही बंगल्यांची वसाहत. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आईबाप त्यांच्यामागे. फाटकाला कुलूप दिसलं की सुभेदार स्वतःच खणखणीत आवाजात सांगतात, "छुट्टीवर!" आणि पुढं निघतात.

त्यांचं घर रांगेत शेवटचं. तिथवर मी कधी कान दिला नव्हता. एकदा "हाय" म्हटलं की मी टीव्ही मोठा करायचो.

यंदा कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत सात मजली इमारतीचा प्रस्ताव आला आणि आम्ही सगळे पेटलो. पाणी दिवसाआड, रस्ता अरुंद, त्यात ही गर्दी! नगरपालिकेनं हरकती ऐकायला सभा बोलावली. बोलणार कोण? मी घरात तावातावानं बोलतो, पण साहेबासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. मीच सुभेदारांचं नाव सुचवलं. आवाज मोठा, वर छातीवर पदकं. त्यांचं मत काय, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

सभेत सुभेदारांनी अधिकाऱ्याला कडक सलाम ठोकला.

"साहेब, त्या बिल्डिंगीत माणसं ऱ्हाणार का कुलपं?"

अधिकारी गोंधळला. "माणसंच की."

"मग बांधा! आमची निम्मी पलटण छुट्टीवर हाय. भरती कराय पायजे."

"अहो सुभेदार, पाण्याचं काय?" देशपांडे वहिनी मागून ओरडल्या.

"पाणी जास्त मागा की, वहिनी! माणसं कमी कशापायी मागताय?"

सभागृह हसलं. आम्ही नाही हसलो. परत येताना त्यांच्याशी कुणी बोललंही नाही.

दिवे लागले आणि नेहमीसारखा काठीचा आवाज आला.

"देशपांडे!"

आत कुकरची शिट्टी झाली, पण उत्तर आलं नाही.

"छुट्टीवर!"

मग माझ्या फाटकाशी, "माने!"

मी सोफ्यावरच बसून होतो. टीव्ही बंद होता. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. काठी बाहेर बराच वेळ थांबली.

"छुट्टीवर." या वेळी आवाज खणखणीत नव्हता.

काठी पुढं गेली. एकाही घरातून "हाय" आलं नाही. कॉलनी इतकी गप्प होती, की त्या दिवशी मला पहिल्यांदा शेवटच्या फाटकावरची हाक ऐकू आली.

"शालन!"

शालनताई म्हणजे त्यांची पत्नी. मिरजेच्या दवाखान्यात त्या वारल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली.

"छुट्टीवर," सुभेदार हळूच म्हणाले आणि फाटकाची कडी काढू लागले.

मी अनवाणीच बाहेर धावलो. "हाय!" माझा आवाज चिरकला. पाठोपाठ समोरच्या खिडकीतून वहिनी ओरडल्या, "हाय हो, आम्ही पण हाय!"

कडीचा आवाज थांबला. अंधारातून काठी दोनदा आपटली.

"माने, एवढा लेट? कुठं हुतास रं गड्या?"

"इथंच होतो, सुभेदार," मी म्हणालो. "इथंच होतो."