वेलींवर एकही पतंग नाही

यंदा फवारणीचा पंप शेडबाहेर निघणार नाही, असं एमेने ईस्टरच्या जेवणावर कोकराची तंगडी कापता कापता जाहीर करून टाकलं. आवाज जरा मोठाच लागला. चौदा वर्षं सासऱ्याच्या द्राक्षमळ्यात राबूनही ज्याला तळघराची किल्ली मिळालेली नाही, त्याचा आवाज असा मधूनच लागतो.

त्या तळघरात मळ्याची सगळी वाइन पिंपांत मुरत असे आणि किल्ली असे सासरेबुवांच्या, म्हणजे फिर्मांच्या कमरेला. किल्ली ज्याच्याकडे, कारभार त्याचा. "पुढच्या सुगीला बघू," असं ते दर सुगीला म्हणत. एमेने मळ्यात हवामान मोजणारा खांब उभा केला, तर त्याला त्यांनी टोपी अडकवायला सुरुवात केली. एमे आता थकला होता, अगदी मनापासून थकला होता.

"मग अळी काय तुझं भाषण ऐकून मरणार?" फिर्मांनी विचारलं.

एमेने समजावलं. कामगंधाच्या कुप्या वेलींच्या तारांना टांगायच्या. त्यांतून मादी पतंगाचा वास सुटतो. माणसाला तो येत नाही, पण नर पतंग चक्रावतात, खरी मादी कुठे आहे तेच त्यांना कळत नाही. लग्नच जमत नाही, मग अंडी कुठली आणि अळ्या कुठल्या.

"बिचारे," म्हणून म्हातारबुवा थोडा वेळ चावत राहिले. "ठीक आहे जावईबापू. येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, म्हणजे आजपासून चाळिसाव्या दिवशी, संध्याकाळी आपण दोघं मळा फिरू. वेलींवर दहा पतंग दिसले की पंप बाहेर, आणि किल्लीचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही दिसले तर किल्ली तुझी."

कुप्या होत्या चार हजार. हाताखाली दोन माणसं घेऊ का, असं विचारलं तर सासरेबुवा म्हणाले, "कुपी केवढी आणि माणसं किती." तेव्हा नऊ दिवस खपून एमेने एकट्याने त्या टांगल्या. खोक्यात हातमोजे होते, पण ते घालून तारेला पीळ देता येईना, म्हणून पहिल्याच ओळीत काढून ठेवले. दहा-बारा कुप्या जाकिटाच्या खिशात चेंगरल्या. संध्याकाळी तो त्याच हातांनी पाव मोडी, डोकं खाजवी, आणि त्याची बायको सोलांज ते जाकीट चादरींबरोबर धुवायला टाकी.

पहिला पतंग सूपमध्ये पडला. दुसरा रविवारी चर्चमध्ये एमेच्या कॉलरवर येऊन बसला तो आमेनपर्यंत हलला नाही. पुढच्या आठवड्यात तर दिवेलागणीला खिडकी उघडायची सोय राहिली नाही. सोलांजने कपाटभर डांबराच्या गोळ्या ठेवल्या.

"कपाटात नाहीत गं ते. माझ्यासाठी येताहेत," एमे म्हणाला.

"तुझ्याकडे आजवर कुणी वळून बघितलं नाही," सोलांज म्हणाली, "आता एकदम एवढे?"

शेवटी त्याने कुप्यांच्या कंपनीत फोन लावला.

"हातमोजे घातले होते ना?" तिथल्या बाईंनी विचारलं.

एमेने आपल्या हातांकडे पाहिलं.

"हं. मग जाईल हळूहळू."

"किती दिवसांत?"

"कुपी पाच महिने चालते."

गुरुवार चार दिवसांवर होता. एमेने व्हिनेगरने अंग पुसलं, राखेने घासलं, वर मोहरीचा लेप लावून पाहिला. आता तेल तेवढं घाल आणि पानात वाढून घे, असं सोलांज म्हणाली. माकों शहरातून नवा शर्ट आणला, नवी पँट आणली. पण आतला माणूस जुनाच होता, त्याला काय करणार.

गुरुवारी ऊन उतरल्यावर दोघं निघाले. पुढे फिर्मां, हातात भिंग. मागे दहा पावलांवर एमे. म्हातारबुवा पान न् पान उलटून पाहत होते. एक ओळ झाली, पाच झाल्या, वीस झाल्या. वेलींवर पतंग औषधालाही नव्हता. आज किल्ली मिळणार, असं एमेला चौदा वर्षांत पहिल्यांदाच खरोखर वाटलं.

मग कानाशी काहीतरी फडफडलं. पाठोपाठ मानेवर, भुवईवर, नव्या शर्टाच्या बाहीवर. हात हलवावा तर सासरेबुवा वळून बघतील, म्हणून तो चुपचाप चालत राहिला. एक तर नाकात शिरू पाहत होता. एमेला शिंक आली.

फिर्मां वळले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि जावयाला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं.

"त्रेसष्ट," ते म्हणाले. "पाठ फिरव."

एमेने पाठ फिरवली. रडावं की हसावं, हे ठरवण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. "बाबा, ठरलं होतं ते वेलींवरच्या पतंगांचं," तो कसाबसा म्हणाला. "वेलींवर एकही नाही."

फिर्मां पाठीवरचे मोजत जवळ आले.

"हे सगळे आपल्याच मळ्यातले?"

"शेजारच्यांचेही असतील."

"म्हणजे शेजारच्यांचेही तुझ्याकडेच येतात," म्हातारबुवा विचारात पडले. मग कमरेला खुडबुड झाली आणि एमेच्या तळहातावर थंडगार लोखंड येऊन टेकलं. "घे. आजपासून कारभार तुझा. तुझ्या नव्या पद्धतीत तथ्य आहे, हे मी मान्य करतो."

एमेचे डोळे भरून आले. दोन पतंग तेवढ्यासाठी बाजूला झाले.

"फक्त रोज संध्याकाळी सगळ्या ओळींतून एक चक्कर मारायची," फिर्मां पुढे म्हणाले. "सावकाश. आणि सुगी होईपर्यंत आंघोळ बंद."

एमे घरी गेला आणि झालं ते सगळं त्याने दारातूनच सोलांजला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, नवऱ्याचं अभिनंदन केलं, आत गेली आणि त्याची उशी आणि पांघरूण आणून त्याच्या हातात दिलं.

"तळघरात झोप," ती म्हणाली. "किल्ली आहेच आता तुझ्याकडे."