इंजेराला डोळे येतात तेव्हा

दुबईत, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सबनीस काका भेटले. मी सवयीने विचारलं, "काय काका, बरंय ना?"

"कसलं बरं! आजही डोळे आले नाहीत."

लिफ्टमधल्या नाईकबाई झटकन कोपऱ्यात सरकल्या. डोळे येण्याची वाट बघणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

मग खुलासा झाला. इंजेरा म्हणजे इथिओपियातली मोठ्ठी, मऊ, आंबूस भाकरी. टेफ नावाच्या धान्याचं पीठ नीट आंबलं की तव्यावर तिला बारीक भोकं पडतात. त्यांना तिकडे डोळे म्हणतात.

"म्हणजे आंबोळीची जाळीच की," मी म्हणालो.

"जाळी आंबोळीला. इंजेराला डोळे!" काकांनी मला निकालात काढलं.

काकू गेल्यावर काका पुण्याहून मुलाकडे राहायला आले. निखिल आणि आदिस अबाबाची सून हिरुत सकाळीच ऑफिसला जातात. मग घरात काका आणि पिठाचं पातेलं. एसीत पीठ आंबेना, म्हणून एसी बंद करून हे डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसले. पातेलं बाल्कनीत ठेवलं, तर पीठ उतू जाऊन खालच्या गाडीच्या टपावर. नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, तक्रार घेऊन वर आला. त्यालाच काकांनी वास घ्यायला लावला.

"सूंघो हबीबी, खट्टा हुआ?"

"खलास हो गया, चाचा," तो नाक धरून म्हणाला.

"अहो, विकत मिळतो की इंजेरा," मी एकदा म्हटलं.

"डोहाळे विकत आणून पुरवायचे?" काका चिडलेच. "पोरीला सातवा लागलाय. तिच्या आईला यायला जमत नाहीये. आमची ही असती तर तिने केलं असतं. मग राहिलं कोण?" आणि लगेच, "यल्ला, पीठ वाट बघतंय."

शनिवारी डोहाळजेवण होतं. पाहुणे जमले तरी काका स्वयंपाकघरातच. पहिले दोन इंजेरे तव्याला चिकटले. एकदाची आरोळी आली, "आले! डोळे आले!" नाईकबाई ओटीचं ताट घेऊन दारातच थबकल्या.

हिरव्या साडीतल्या हिरुतसमोर काकांनी ताट ठेवलं. इंजेरा, वर मसुराची झणझणीत आमटी. तिने एक तुकडा खाल्ला आणि डोळे मिटले. काका उलथनं हातात धरून तिच्याकडे बघत होते. तिने दुसरा घास गुंडाळला आणि तो काकांच्या तोंडासमोर धरला.

"बाबा, गुर्शा! ओपन, ओपन."

"आपल्या माणसाला असा घास भरवतात तिच्याकडे," निखिल म्हणाला.

काकांनी आ केला. काकू गेल्यापासून त्यांना कुणी घास भरवला नसणार. ते बराच वेळ चावत राहिले. मलाही भरून आलं, म्हणून मी उगाच विचारलं, "काका, फार आंबट झालाय का?"

"नाही रे," चष्मा काढत ते म्हणाले. "डोळे आलेत."

नाईकबाई पुढे आल्या आणि त्यांनी आपला रुमाल काकांच्या हातात दिला.