कंपनीचं पूर्ण नाव

इंग्रजीत अर्ज लिहावा तर आम्हीच! कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात, आमच्या मराठी गल्लीत ही गोष्ट कुणी नाकारत नसे, कारण प्रत्येकाचा एखादा तरी अर्ज माझ्याकडे पडलेला असायचा. मी बिंदुमाधव, विमा कचेरीत अकरा वर्षं कारकून.

छप्पन्न सालची गोष्ट. दसऱ्याला महिना होता. समोरच्या अंबूअक्का कापडं घेऊन बसायच्या त्या खोलीला धड खिडकी नाही. नवरा गेल्यापासून शिवणाच्या मशीनवरच घर चाललेलं.

"अण्णा, कंदिलात सुईत दोरा जात नाही हो. काल एका बाईचं पोलकं उलटं शिवलं! चार गिऱ्हाइकं तुटली. लाइट आफिसला स्वल्प लिहून द्या की."

"स्वल्प कशाला? झकास लिहितो!" मी म्हणालो.

लाइट आफीस! मला तर शहारेच आले. अहो, सासऱ्यांना कुणी एकेरीत हाक मारतं का? मग घराघरांत उजेड देणाऱ्या संस्थेला असं अर्धंमुर्धं बोलवायचं? मी प्रत्येक वाक्यात पूर्ण नाव घातलं : 'द गार्डन टाउन इलेक्ट्रिक लायटिंग अँड पॉवर सप्लाय कंपनी लिमिटेड'. वाक्याच्या सुरुवातीला एकदा, आणि वाक्य लांबलं तर शेवटीही एकदा! नऊ वेळा नाव आलं आणि कागद संपला. अर्ज एका पानाच्या वर जाऊ नये, असा आमच्या हेडक्लार्कचा दंडक. कशीबशी खाली माझी सही आणि माझा पत्ता बसवला.

आठ दिवसांनी वायरमन आले. अंबूअक्कांकडे नाही, माझ्याकडे! मी कचेरीत होतो. बायकोनं, कृष्णाबाईनं, दार उघडलं.

"लाइट पाहिजे म्हणून अर्ज आहे."

"आहे की आमच्यात लाइट!" तिनं बटण दाबून दाखवलं. त्यांनी 'दिवा आहे' असं लिहून घेतलं, घोटभर कॉफी घेतली आणि गेले.

मी भडकलोच! दुसरं पत्र लिहिलं. रागातसुद्धा मी अदब सोडत नाही, म्हणून या वेळी नाव चौदा वेळा. उलट टपाली उत्तर आलं : आपण आमच्या कंपनीबद्दल दाखवलेल्या आदराबद्दल मनःपूर्वक आभार!

"आभारानं दोरा ओवता येतो काय?" अंबूअक्कांनी विचारलं. दसरा पाच दिवसांवर आलेला. डोळे लालभडक. त्या दिवशी त्यांच्या बोटात सुई गेली होती, चिंधी बांधलेली. मला जेवण गेलं नाही, खरंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अंबूअक्का कंपनीच्या आफिसात गेलो. बघतो तर काय, भिंतीवर माझं पहिलं पत्र चौकटीत लावलेलं! माझी छाती फुगली. तिथले साहेब जयसिंगराव, आपल्यातलेच, मराठी बोलणारे निघाले.

"हे तुम्ही लिहिलंत? वा! आमचं नाव इतक्या प्रेमानं कुणी लिहीत नाही हो. पण खरं सांगा, तुम्हाला पाहिजे काय होतं?"

मी घसा खाकरून इंग्रजीत सुरुवात केली. "द गार्डन टाउन इलेक्ट्रिक—"

"अण्णा," अंबूअक्का मला नाही, साहेबांना म्हणाल्या, "मी अंबूबाई. यांच्या समोरच्या घरात शिवण करते. डोळ्याला दिसत नाही. दसऱ्याच्या आत लाइट पाहिजे."

"सरी अक्का, बरं," साहेब म्हणाले आणि एका ओळीत लिहून घेतलं. एका ओळीत!

तिसऱ्या दिवशी दिवा लागला. गल्ली गोळा झाली. अंबूअक्कांनी पहिल्या झटक्यात दोरा ओवला आणि हसल्या. मग मला म्हणाल्या, "अण्णा, तुमच्या अर्जाची नक्कल आहे नव्हे? आणा इकडं. आता दिसतंय तर बघते."

मी दोन्ही नकला दिव्याखाली धरल्या.

"मला इंग्रजी येत नाही. माझं नाव कुठं लिहिलंय, तेवढं बोट लावून दाखवा."

माझं बोट कागदावर वरून खाली आलं, पुन्हा वर गेलं. कंपनीचं नाव दोन्ही मिळून तेवीस वेळा होतं. माझं दोनदा.

"दाखवा की," त्या म्हणाल्या.

काय दाखवणार, कपाळ! मी म्हटलं, "अक्का, दिवा जरा मंद आहे हो."