जाहीर न केलेलं फळ

२००६ साली अमेरिकेत भारतीय माणसाला प्रवेश होता, भारतीय आंब्याला नव्हता. आंब्याबरोबर कीड येईल अशी सरकारला भीती होती. शेजारच्या कॅनडात मात्र आंबा राजरोस विकला जाई. म्हणून अमेरिकेतल्या बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये असलेला गिरीश पटवर्धन मे महिन्यातल्या एका शनिवारी रीतसर व्हिसा काढून बायकोसह, म्हणजे मृणालिनीसह, गाडीने व्हँकुव्हरला गेला आणि देवगड हापूसची पेटी डिकीत घालून परत निघाला.

सीमेवर अमेरिकन अधिकाऱ्याने विचारलं, "काही फळं?"

गिरीश खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. निदान ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत तरी. "आंबे," तो म्हणाला.

"टाकून द्या, नाहीतर कॅनडात परत न्या."

"टाकून?" मृणालिनी कडाडली. "गिरीश, गाडी वळव."

गाडी वळली. कॅनडाच्या खिडकीतून प्रश्न आला, "येण्याचा उद्देश?"

"आंबे खाणं."

"मुक्काम?"

"संपेपर्यंत."

जवळच्या पार्किंग लॉटमध्ये बसून दोघांनी पेटी संपवली. सुरुवातीचे आंबे भक्तीने खाल्ले, मधले पैसे वसूल करायला, आणि शेवटचे निव्वळ देशप्रेमापोटी. साली-कोयी कॅनडाच्या कचरापेटीत गेल्या. दोघांनी हात धुतले.

"फळं?" सीमेवर पुन्हा प्रश्न आला.

"नाहीत," गिरीश ताठ मानेने म्हणाला.

एवढ्यात तपासणीचा कुत्रा आला. त्याने डिकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट गिरीशपाशी आला आणि शांतपणे खाली बसला.

"फळ सापडलं की तो बसतो," अधिकारी म्हणाला.

"पण माझ्याकडे फळ नाहीये!"

"सर, त्याची आजवर एकही चूक झालेली नाही."

गिरीशचे खिसे तपासले, बूट काढले, शर्ट बदलायला लावला. कुत्रा बसूनच.

"सांगत होते, कापून खा," मृणालिनी म्हणाली. "तू बसलास चोखत!"

वरिष्ठांना पाचारण करण्यात आलं. कुत्रा चुकला म्हणावं, तर त्याने आजवर पकडलेल्या सगळ्यांची फेरतपासणी आली. बरोबर म्हणावं, तर फळ जप्त करणं आलं, आणि फळ गिरीशच्या पोटात. नियमात तर 'कोणत्याही स्वरूपात' असं स्पष्ट म्हटलेलं. बऱ्याच विचारविनिमयानंतर निर्णय झाला, की फळाचं फळपण संपेपर्यंत गिरीशने बाकावर बसावं.

"किती वेळ?" गिरीशने विचारलं.

"ते तुमच्या पचनशक्तीवर," वरिष्ठ अत्यंत आदराने म्हणाले.

अखेर संध्याकाळी कुत्र्याची ड्यूटी संपली. नव्या कुत्र्याने गिरीशला हुंगून तोंड फिरवलं, आणि गिरीश कायदेशीररीत्या अमेरिकेत दाखल झाला.

पुढे वर्षभर प्रत्येक पार्टीत हा किस्सा रंगला. "साध्या आंब्याला घाबरतात, यार! कसला हा देश!" असं गिरीश म्हणायचा आणि लोक त्याच्याकडे कौतुकाने बघायचे. हापूस खाल्लेला माणूस म्हणून त्याचा वट होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात बंदी उठली. हापूस बेलव्ह्यूच्या दुकानात आला. मृणालिनीने आमरसाचा बेत केला, ओळखीची सगळी मराठी कुटुंबं बोलावली. वाट्या घेऊन रांग लागली. गिरीशने एक चमचा तोंडात घातला आणि वाटी खाली ठेवली.

"ती चव नाही. आणि आता कोणीही उठतो आणि हापूस खातो! काहीतरी कंट्रोल हवा होता, यार."

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. तुम्ही-आम्हीही डोलावली असती. फक्त आधी वाटी दुसऱ्यांदा भरून घेतली असती.